फियाटचा उंबरा

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, अण्णांच्या गाडीचं काही खरं नाही गं आता."

मला वाटलं, इंजिन गेलं. पण नाही, इंजिन अजून ठणठणीत आहे. खराब झालाय तो पत्रा. दाराखाली जो उंबरा असतो ना, ज्याच्यावर पाय न देता आत बसायचं अशी आमच्या अण्णांची सक्त ताकीद असायची, तो उजव्या बाजूचा पार कुजलाय. पुढच्या मडगार्डलाही हेडलाइटच्या मागे रुपयाएवढं भोक पडलंय. आणि तसा नवा पत्रा कुठेच मिळत नाही. सांगली झाली, कोल्हापूर झालं, पुणं झालं, कुर्ल्याचा भंगार बाजारही झाला.

घरातल्या बहुतेकांना ही गाडी माहीत आहे. १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. कागदावर नाव प्रेसिडेंट, पण आम्ही सगळे तिला फियाटच म्हणत आलो. २००५ च्या पुरात अण्णांनी ती वेळेवर साताऱ्याला माझ्या दारात आणून लावली म्हणून वाचली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र कृष्णेने कुणाला वेळच दिला नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गाडी काही दिवस पाण्यात उभी राहिली. वरून धुतली, पुसली, इंजिन खोलून साफ केलं. पण उंबरा आतून पोकळ असतो. त्यात शिरलेला गाळ तसाच राहिला आणि पत्रा आतून बाहेर गंजत आला. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतलं काम संपलेलं होतं.

आता माझ्यासारख्या इतिहासाच्या बाईला प्रश्न पडला, की ज्या सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, जिथे आजही गल्लोगल्ली लेथ फिरतात, तिथे हातभर पत्रा का मिळू नये? पिस्टन मिळतो, ब्रेकचं सामान मिळतं, नाही मिळालं तर लेथवर करून देतात. मग पत्र्याचंच काय घोडं अडलंय?

उत्तर शोधताना थेट वालचंद हिराचंदांपर्यंत जावं लागलं. सांगलीकरांना हे नाव काही नवं नाही. १९४७ साली सुरू झालेलं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या या माणसाने जहाजं, विमानं, साखर असं सगळं करून पाहिलं आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. तिचं ते गुबगुबीत रूप आठवतंय ना? लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत! १९६४ साली नवा चौकोनी आकार आला. करार संपल्यावर १९७२ साली तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ साली चितोडच्या राणीवरून पद्मिनी. नावं बदलली, जाळी बदलली, पण आकार थोड्याफार फरकाने २००१ च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत तोच राहिला.

पन्नासच्या दशकात सरकारचा आग्रह होता, की नुसत्या बाहेरून आणलेल्या गाड्या जोडू नका, इथे बनवा. ते ज्यांना जमलं नाही किंवा परवडलं नाही ते गेले. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही त्याच काळात इथलं काम गुंडाळलं. प्रीमियर टिकली. इथे बनवायचं म्हणजे काय, तर पत्रा दाबून आकार देणारे साचे, ज्यांना कारखान्यात डाय म्हणतात, ते इथे हवेत. आणि खरी गोम इथेच आहे.

मला हे साताऱ्यातल्या एका मिस्त्रींनी समजावून सांगितलं. ते पन्नास वर्षं पत्र्याचंच काम करताहेत. ते म्हणाले, "बाई, गोल वस्तू लेथवर होते. सरळ वाकवायचा पत्रा हातानं वाकवता येतो. पण मडगार्ड दोन बाजूंनी वळतं, वरून खाली आणि पुढून मागं. चपाती पातेल्यावर पसरून बघा, सुरकुत्या पडतात की नाही?" अगदी बरोबर. सुरकुती न पडता पत्रा ताणायचा तर बिडाचे टनावारी वजनाचे डाय लागतात आणि शेकडो टनांचा दाब देणारा प्रेस लागतो. शिवाय एका मडगार्डला एक डाय पुरत नाही. एकाने आकार यायचा, दुसऱ्याने कडा कापायची, तिसऱ्याने काठ मुडपायचा. हा खर्च हजारो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. दहा मडगार्डांसाठी डाय कोण करील?

आणखी एक. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. म्हणजे उंबरा हा नुसता दिखाऊ भाग नाही, गाडीचा भार तो वाहतो. तो कुजला की दारं लागेनाशी होतात.

मग इतकी वर्षं पत्रा मिळत होता तो कसा? तर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे. उत्पादन थांबलं तरी हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या. त्या रोज कुठेतरी घासायच्या, ठोकरायच्या, त्यामुळे पत्र्याला गिऱ्हाईक होतं. आकार तोच असल्यामुळे अण्णांच्या १९७३ च्या गाडीलाही टॅक्सीचा पत्रा चालायचा. अण्णा टॅक्सीला नाकं मुरडायचे, पण त्यांच्या गाडीचं आयुष्य त्या टॅक्सीवाल्यांच्याच जिवावर होतं! पुढे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. पण हळवेपणाने पत्रा तयार होत नाही. कुर्ल्यातल्या कारखान्याच्या जागेच्या मोठ्या भागावर आज इमारती आहेत.

इंग्लंडमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने घडलं. तिथली एमजीबी ही गाडी १९८० साली बंद झाली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने तिचे जुने डाय हुडकून काढले, दुरुस्त केले आणि १९८८ पासून चक्क तिचा अख्खा नवा सांगाडा विकायला सुरुवात केली. त्या गाड्या पाच लाखांच्या आसपास बनल्या होत्या आणि त्या हौसेने जपणारे आणि त्यासाठी पैसे मोजणारे लोक होते. आपल्याकडे पद्मिनी ही हौसेची नव्हती, पोटापाण्याची गाडी होती. पोटापाण्याची वस्तू जुनी झाली की आपण ती टाकतो. त्यात चूक आहे असंही मला म्हणवत नाही.

साताऱ्याला तर याचं दुसरं उदाहरण दारातच आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर इथेच बनायची. आमच्या शाळेच्या आवारात एके काळी ओळीने प्रियाच उभ्या असत. २००६ साली इथलं स्कूटरचं उत्पादन बंद झालं, पण त्याच कंपनीत डाय आणि जिग बनवण्याचं काम पुढे अनेक वर्षं चालू राहिलं. म्हणजे डाय करणारे हात आपल्याकडे होतेच. नव्हतं ते गिऱ्हाईक.

असो. तर भाच्याचा खरा प्रश्न पुढेच आहे. मिरजेजवळ एकाकडे नव्वदच्या दशकातली पद्मिनी आहे. चालू स्थितीत, पत्रा चांगला, आणि मालक भंगारात द्यायला तयार. ती घ्यायची, तिचा उंबरा आणि मडगार्ड कापायचं आणि अण्णांच्या गाडीला जोडायचं. दोन गाड्यांची एक होईल. मी फोनवर लगेच "घेऊन टाक" म्हणून मोकळी झाले.

रात्री झोप येईना. ज्याला जुनी गाडी वाचवायची आहे तोच दुसरी कापतो. असं प्रत्येकाने केलं तर शेवटी एकच गाडी उरेल आणि तिचा पत्रा गंजेल तेव्हा कापायला काहीच नसेल.

त्यात कायदाही आड येतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आता मला सांगा, हाताने ठोकून बसवलेला पत्रा मूळ रूपातला की फेरफार? आणि दुसऱ्या गाडीचा कापून जोडलेला, पण कारखान्याच्याच डायमधून निघालेला? वर्गात मुलांना विचारावा असा प्रश्न आहे, पण इथे उत्तर भाच्याला द्यायचं आहे.

शेवटी आम्ही असं ठरवलं. मिरजेची गाडी कापायची नाही. ती चालवणारा कुणी मिळतो का ते भाचा बघतो आहे. अण्णांची गाडी साताऱ्याला आणली. उंबरा सरळ आहे, तो मिस्त्री हाताने वाकवून करतील. मडगार्ड बदलायचं नाही, कुजलेला भाग कापून तेवढाच तुकडा ठोकून बसवायचा. मूळ पत्रा शक्य तेवढा राहू द्यायचा. काय बदललं, कधी, कुणी, याची वही ठेवायची आणि आधीचे-नंतरचे फोटो त्यात चिकटवायचे. पुढे कुणी विचारलं तर लपवायला काही नको.

मिस्त्रींचं वय अडुसष्ट. मुलगा नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. तिथे पत्रा ठोकत नाहीत, अख्खा बदलतात. परवा मी गेले तर मिस्त्री डाव्या उंबऱ्यावर पुठ्ठा धरून पेन्सिलीने माप काढत होते. डावा गंजलाय, पण आकार शाबूत आहे. त्यावरून उलटा करून उजवा. काम झालं की पुठ्ठा चुलीत जातो म्हणे! मी म्हटलं, चुलीत नको, मला द्या.

आता ते पाच पुठ्ठे माझ्या कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळीशेजारी आहेत. प्रत्येकावर मिस्त्रींकडून मापं आणि पत्र्याचा गेज लिहून घेतलाय. मडगार्डचा पुठ्ठा होत नाही, त्याचे नुसते फोटो आहेत. आपल्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल आणि उंबरा गेला असेल, तर या आणि उतरवून घ्या. चहा मी करीन. पुठ्ठे मात्र इथेच राहतील.