वारजं, पंचवीस मीटर

वारजं पुण्यात आलं ते 1997 साली, महापालिकेची हद्द वाढली तेव्हा. त्याआधीचं वारजं मी ऐकलं ते आमच्या आप्पांकडून, म्हणजे आजोबांकडून. मुठेकाठचे मळे, वरचा उघडा माळ, खडकवासल्याहून येणारा कालवा आणि दिवेलागणीनंतर मिट्ट काळोख. आप्पांकडे भल्यामोठ्या बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचं लायसन्स दरवर्षी पोस्टात जाऊन नवं करून आणावं लागे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हा घरातून काय काय उचलून माळावर नेलं याची प्रत्येकाची यादी वेगळी आहे. आप्पांनी रेडिओ स्वतःच्या डोक्यावर घेतला, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. ज्वारीचं पोतं खालीच राहिलं, हे आजी शेवटपर्यंत बोलून दाखवायची.

रेडिओ होता तो सिलोनसाठी. 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली. त्यांना भलं करायचं होतं शास्त्रीय संगीताचं; झालं ते रेडिओ सिलोनचं. त्याच वर्षअखेरीस अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं बुधवारी रात्री आठ वाजता आमच्याकडे पंचवीस मीटरचा बँड लागत राहिला. बांबूला बांधलेली तांब्याची तार हीच एरियल. आप्पा गाणारे नव्हते, पण कानाचे तिखट. सिलोनवरचं गाणं मधेच ‘पोहायला लागतं’, असं ते म्हणत. लताबाईंचा आवाज अगदी उंबऱ्यापर्यंत यायचा, मग एकदम नळीतून आल्यासारखा पोकळ व्हायचा आणि दोन ओळींनी पुन्हा भरून यायचा. घरातल्या बाकीच्यांचा यावर जीव जळायचा. आप्पांना तेच आवडायचं.

असं होण्याचं कारण आकाशात होतं. लघुलहरी वरच्या आयनांबरावर आपटून खाली येतात, आणि त्या एकाच वाटेने येत नाहीत. एक लहर लवकर पोचते, दुसरी किंचित उशिरा. एकच आवाज थोड्याशा अंतराने स्वतःलाच येऊन मिळाला की त्यातल्या काही पट्ट्या एकमेकींना पुसून टाकतात. समजा, दोन आवाजांत 1 मिलिसेकंदाचा फरक आहे. मग 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठरावीक जागा रिकाम्या होतात. हा फरक स्थिर राहिला तर आवाज नुसता पोकळ वाटतो. तो कमी-जास्त होत राहिला तर रिकाम्या जागाही वर-खाली सरकतात, आणि गाणं पोहायला लागतं.

पुढे रॉकवाल्यांनी हे पोहणं पैसे मोजून विकत घेतलं. जपानमध्ये फुमिओ मिएदा नावाच्या इंजिनिअरने रेडिओवर मॉस्को स्टेशनचा असाच हेलकावणारा आवाज ऐकला आणि त्यावरून त्याला एका यंत्राची कल्पना सुचली. ते यंत्र म्हणजे युनि-व्हाइब. ऑगस्ट 1969 मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी तेच होतं. हे मी वाचलं तेव्हा आप्पा नव्हते. असते तर मिएदांना त्यांनी आमचा बांबू दाखवला असता.

इंग्लंडात याच सुमारास टेपवर खटपटी चालल्या होत्या. 1966 मध्ये ॲबी रोड स्टुडिओत केन टाऊनसेंड या तंत्रज्ञाने बीटल्ससाठी आवाज दुहेरी करणारी टेपची जोडणी केली. गायकाने एकदाच गायचं, दुसरा आवाज मशीनने किंचित सरकवून द्यायचा. 1967 मध्ये स्मॉल फेसेसच्या ‘इचिकू पार्क’मध्ये हाच प्रकार उघडपणे पुढे आला, गाण्यावरून विमान गेल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. दोन टेप बरोबर चालवायच्या आणि एकीच्या रिळावर अलगद बोट टेकवून तिला मागे ओढायचं, की झाला फ्लँजर. पण त्याला दोन मोठी मशीन आणि एक रिकामा माणूस लागतो. स्टेजवर हे कसं करणार?

हा प्रश्न आमच्या काकांना पडला तो 1977 साली, गुलजारांचा ‘किताब’ पाहून आल्यावर. त्यातलं इंजिनवाल्याचं ‘धन्नो की आँखों में’ पंचमनी स्वतःच गायलंय, आणि त्यातली गिटार फ्लँजरमधून काढलेली आहे. काका तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस, पुढे कोजागिरी, मधल्या काळात लग्नाचे स्वागत समारंभ. मंडळाच्या मांडवात आहुजाचा ॲम्प्लिफायर, त्यातच गायकाचा माइक आणि त्यातच गिटार. त्या गाण्याची फर्माईश यायला लागली तेव्हा काकांनी स्पीकरच्या तोंडापुढे टेबलफॅन लावला. पात्यांमधून आवाज कापला जाऊन थरथरत बाहेर यायचा. खऱ्या फ्लँजरशी त्याचं नातं फार लांबचं, पण पब्लिक खूश. एकदा निवेदिकेची साडी त्या वाऱ्याने अशी काही उडाली की फॅन कायमचा बंद झाला. काकू तेव्हा त्याच ऑर्केस्ट्रात गायच्या. साडी त्यांच्याच मैत्रिणीकडून मागून आणलेली होती, असं त्या सांगतात.

मार्च 1980 मध्ये ‘द पोलिस’ हा बँड मुंबईत, कुलाब्याच्या होमी भाभा सभागृहात वाजवून गेला. काका तिथे होते की नव्हते, याबद्दल घरात दोन तट आहेत. काका स्वतः दर वेळी थोडं वेगळं सांगतात. वादातीत एवढंच, की ‘द पोलिस’च्या गिटारवादकाकडे, अँडी समर्सकडे, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस हा फ्लँजर होता आणि आदल्या वर्षीच्या ‘वॉकिंग ऑन द मून’मधला तो एकच लांब सोडलेला कॉर्ड त्यातूनच आला. काकांनी त्या कॉर्डची कॅसेट पार झिजवली. डेव्हिड गिलमोरही तेव्हा तोच मिस्ट्रेस वापरत होता, पण काका गिलमोरला ‘संथ’ म्हणून मोडीत काढतात. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही.

काकांना शेवटी पेडल मिळालं ते निळं: बॉसचं सीई-2, कोरस. परदेशी मालावर तेव्हा जबर कस्टम होतं, त्यामुळे अशा वस्तू जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायच्या. या पेडलचं मूळ 1975 सालच्या रोलंड जॅझ कोरस ॲम्पमध्ये. त्यातलं सर्किट काढून 1976 मध्ये सीई-1 हा मोठा डबा निघाला, आणि 1979 मध्ये पायाखाली मावणारं हे सीई-2. नॉब दोनच: रेट आणि डेप्थ.

आत काय आहे ते मी शाळेत असताना काकांनी उघडून दाखवलं. त्यांचं बोट एका काळ्या चिपवर होतं, एमएन 3007. ‘स्लॅब भरताना बघितलंस ना?’ ते म्हणाले. वारज्यात त्या वेळी जिकडेतिकडे स्लॅबच भरले जात होते. खालून वरपर्यंत माणसं उभी, घमेलं या हातातून त्या हातात, मुकादमाच्या हाकेवर. चिपमध्ये अशा 1024 जणांची रांग आहे आणि घमेल्यात माल म्हणजे गिटारच्या आवाजाचा एकेक क्षण. मुकादमाच्या जागी घड्याळाचं सर्किट. त्याने सेकंदाला 1 लाख ठोके दिले तर आवाज 5.12 मिलिसेकंदांनी पलीकडे पोचतो. ठोके निम्मे केले तर 10.24 ने. हाका हळूहळू लांबवत-आखडत राहायच्या, म्हणजे उशीर बदलत राहतो आणि त्याबरोबर सूरही केसभर चढतो-उतरतो. हा आवाज मूळ आवाजात मिसळला की एका गिटारच्या दोन होतात. ही युक्ती 1969 मध्ये हॉलंडच्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी काढली. काका फिलिप्सला घरचंच समजायचे, कारण लोणी काळभोरच्या त्यांच्या कारखान्यात आमचे दोन शेजारी कामाला होते. त्या भरवशावर ते 3007 चा जोड शोधायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथे ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, व्हॉल्यूम कंट्रोल, सगळं मिळालं. चिप सोडून.

फ्लँजर आणि कोरस ही सख्खी भावंडं. उशीर ढोबळमानाने 1 ते 10 मिलिसेकंद आणि निघालेला आवाज थोडा परत आत सोडलेला, तर फ्लँजर. उशीर त्याहून जास्त आणि परत सोडायची भानगड नाही, तर कोरस. आता गल्लीबोळातल्या पोराकडेही दोन्ही असतात, आणि तिथेच घोटाळा होतो. नवं पेडल आलं की सगळे नॉब उजवीकडे फिरवून ठेवायचे आणि मग जुन्या रेकॉर्डसारखं का वाजत नाही म्हणून विचारायचं! जुन्या रेकॉर्डमध्ये ते फार थोडं असतं. ‘कम ॲज यू आर’ मधल्या स्मॉल क्लोन पेडलला एक नॉब आणि एक खटका, बस्स. व्हॅन हेलनच्या ‘अनचेन्ड’मध्ये एमएक्सआर फ्लँजर ठरावीक जागी येतो आणि लगेच निघून जातो, तो सतत चालू राहिला असता तर आज कुणी त्याचं नाव काढलं नसतं.

माझं गणित असं. ॲम्प क्लीन, फार तर काठावर फुटणारा. कोरसचा रेट नऊच्या काट्यावर, डेप्थ बाराच्या अलीकडे. फ्लँजर डिस्टॉर्शनच्या पुढे ठेवायचा, म्हणजे त्याला पुसायला भरपूर स्वर मिळतात आणि हेलकावा ठळक होतो. आधी ठेवला तर तोच मऊ, आत दबलेला येतो. पेडल बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं, पण चालू असताना लक्षात येऊ नये, तिथे हात थांबवायचा.

यावर काकांचं एक पुरवणी मत आहे आणि ते त्यांनी आप्पांकडून उचललंय. आप्पा डिसेंबरात वारज्याहून सायकल मारत रमणबागेत सवाईला जायचे, रात्रभर बसायचे. गवयाच्या मागे दोन तंबोरे का, एकाने भागत नाही का, असं लहानपणी मी विचारलं होतं. ‘दोन्ही एकाच सुरात असतात, पण एकच नसतात’, एवढंच ते म्हणाले. जॅझ कोरस ॲम्पही तसाच आहे: एका स्पीकरमधून साधा आवाज, दुसऱ्यातून डोलणारा, आणि मिसळायचं काम खोलीतली हवा करते. काकांचं म्हणणं, सीई-2 ला एकच आउटपुट, सगळं आधीच डब्यात कालवलेलं. खरा कोरस ऐकायचा तर दोन ॲम्प हवेत, मध्ये दहा फूट अंतर. पॉप्युलरनगरच्या फ्लॅटमध्ये दहा फूट म्हणजे दुसरा ॲम्प स्वयंपाकघरात. काकूंनी तो एकदा तिथे चालवूनही घेतला, कुकरच्या शिट्ट्यांसकट. काका म्हणाले, आता कुठे दोन तंबोरे लागले.

मग नेहमीप्रमाणे ‘धन्नो’ची फर्माईश. मी फ्लँजर लावला, रेट खाली घेतला. ‘अजून हळू,’ काका म्हणाले, ‘गाडी आत्ता कुठे सुटतीये.’