हवेची भरती-ओहोटी आणि एक चिप

समुद्राला भरती-ओहोटी असते हे कोकणातल्या लहान पोरालाही ठाऊक. पण हवेलाही ती असते, आणि आपल्या दख्खनमध्ये ती कुणी चिकाटीने मोजली होती, हे किती जणांना माहीत असेल? ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले विल्यम हेन्री साइक्स. पाऱ्याच्या बॅरोमीटरने घेतलेल्या त्यांच्या नोंदी १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केल्या. सकाळी नऊ-दहाला दाब चढतो, दुपारी चार-पाचला उतरतो. रात्री आणि पहाटे पुन्हा तेच. कारण मुख्यतः सूर्याची उष्णता, चंद्र नव्हे! फरक जेमतेम तीन-चार हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या नळीत दोन-तीन मिलिमीटर.

हाच चढउतार इथे इंग्लंडात कॉम्प्युटरवर पाहावा, म्हणून मी सेन्सर शोधायला लागलो. गंमत म्हणजे आतली कल्पना जुनीच आहे. १८४४ मध्ये फ्रान्सच्या ल्युसियाँ व्हिदी यांनी पारा काढून टाकला आणि हवा काढलेली धातूची डबी वापरली. दाब वाढला की डबी चेपते. १९५४ मध्ये बेल लॅबच्या चार्ल्स स्मिथ यांनी दाखवलं, की सिलिकॉनवर ताण आला की त्याचा विद्युतरोध बराच बदलतो. या दोन्हींची सांगड घातली की झाला सेन्सर: सिलिकॉनचा पातळ पडदा, एका बाजूला निर्वात पोकळी.

ही पोकळी महत्त्वाची बरं का! टायरचा दाब मोजणारा 'गेज' प्रकारचा सेन्सर बाहेरच्या हवेशीच तुलना करतो. तो टेबलावर ठेवला तर वादळातही शून्यच दाखवणार. आपल्याला हवा 'अ‍ॅब्सोल्यूट' प्रकार.

त्यात मोटोरोलाचा एमपीएक्स ४११५ हौशी लोकांचा लाडका होता. दाबानुसार व्होल्टेज देणारा, साधा, सरळ. पण ते व्होल्टेज आकड्यांत बदलणारा भाग १० बिटांचा असेल, तर ५ व्होल्टचे १०२४ तुकडे होतात आणि एक पायरी पडते सुमारे एक हेक्टोपास्कलची. पुण्याची भरती तीन-चार पायऱ्यांत तरी दिसेल. इंग्लंडातली एक हेक्टोपास्कलहूनही लहान, ती एकाच पायरीत गडप! शिवाय तापमान बदललं की आकडे थोडे सरकतात, आणि तापमानही रोज त्याच सूर्यामागे धावतं. म्हणजे भरती हवेची की खोलीतल्या हीटरची, हे कसं ओळखायचं?

बॉशच्या बीएमपी ०८५ ने हा प्रश्न बराच सोडवला. चिपमध्येच तापमान मोजायची सोय, प्रत्येक नगासाठी कारखान्यात ठरवलेले दुरुस्तीचे ११ आकडे, आणि पायरी ०.०१ हेक्टोपास्कलची. पुढे त्याचे वारस बीएमपी १८० आणि बीएमई २८० आले. मी २८० घेतला. त्याचा मूळ आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने चुकू शकतो, पण भरती-ओहोटीला फरकच पुरतो.

एका दिवसाच्या आलेखात मात्र इथे काहीच कळत नाही. अटलांटिकवरून येणारी एकेक वादळं वीस-तीस हेक्टोपास्कलची उलथापालथ करतात. महिनोन्महिने नोंदी घ्यायच्या, प्रत्येक तासाची वेगळी सरासरी काढायची, तेव्हा कुठे वादळं एकमेकांना खोडत जातात आणि दिवसातले ते दोन बारीक उंचवटे वर येतात.