भजनाची पेटी : स्वस्त कोणती, महाग कोणती?

चतुर्थीच्या दिवसांत पेडणे-डिचोलीच्या कुठल्याही वाड्यावरून संध्याकाळी फेरी मारली, तर दोन प्रकारचे आवाज कानी येतात. आरतीला घुमट, शामेळ आणि कांसाळे. भजनाला टाळ, पखवाज आणि पेटी. घुमट इथल्याच मातीचे. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मानही दिला. पेटी मात्र पाहुणी म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली. इतकी, की पेटीशिवाय भजन म्हणजे आपल्याला मीठ नसलेल्या आमटीसारखे वाटते.

मंडळाची जुनी पेटी दमली की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात एकच चर्चा रंगते. दहा-पंधरा हजारांची साधी पेटी घ्यावी, की वर्गणी काढून लाखाच्या घरातली 'चांगली' घ्यावी? कोणी म्हणतो, भजनाला काय करायची आहे एवढी महाग? दुसरा म्हणतो, एकदाच घ्या, पण अस्सल घ्या. या वादाचा निवाडा दुकानात होण्यापेक्षा पेटीच्या इतिहासात जास्त चांगला होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेटीचा जन्मच मुळी स्वस्ताईतून झाला. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये भिंतभर नळ्यांचा ऑर्गन असे. तो लहान गावांना आणि घरांना परवडणारा नव्हता. नळ्यांच्या जागी पितळेच्या पातळ जिभा बसवायच्या आणि त्यांवरून हवा सोडून त्या थरथरवायच्या, या कल्पनेवर बऱ्याच कारागिरांनी काम केले. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या वाद्याचे पेटंट घेऊन त्याला 'हार्मोनियम' हे नाव दिले. हे पायाने भाता मारायचे वाद्य होते. जहाजातून नेता येते, दमट हवेतही बऱ्यापैकी टिकते, म्हणून मिशनरी आणि गोरे अधिकारी ते हिंदुस्थानात घेऊन आले.

दुसरी काटछाट कोलकात्यात झाली. द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये तिथे 'द्वारकिन' ही पेढी सुरू केली. आपले गवई खाली बसून गातात, त्यांना टेबलाएवढे वाद्य आणि पायाचा भाता काय कामाचा, हे त्यांनी ओळखले. पाय काढले, भाता मागे नेला, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर अशी हातपेटी घडवली. एका हाताची बोटे गेली खरी, पण आपल्या संगीतात एका वेळी एकच सूर लागतो, त्यामुळे त्या हाताचे नुकसान कोणाला जाणवले नाही. वाद्य लहान, हलके आणि स्वस्त झाले. आज ज्याला आपण 'अस्सल' पेटी म्हणतो, ती अशी दोनदा स्वस्त केलेली वस्तू आहे.

महाराष्ट्रात पेटीला मानाची जागा मिळाली ती रंगभूमीवर. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. सारंगीच्या साथीला, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी सारंगीच्या जागी, ऑर्गन आणि पेटी आली. गोविंदराव टेंबे यांनी तर पेटीला साथीतून उठवून एकट्याने मैफल करण्याच्या योग्यतेला नेले.

आपल्या भागाचे या सगळ्याशी नाते जवळचे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते १७८१ ते १७८८ या काळात. म्हणजे जुन्या काबिजादीनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. राज्य बदलले तरी सोयरीक, बाजार, जत्रा आणि दशावतार यांची ये-जा सावंतवाडी, वेंगुर्ले, बेळगाव या बाजूंनी चालूच राहिली. दशावतारात गणपती येतो तोही पेटीच्या सुरावर. पेटीच्या जगातली दोन मोठी नावे पाहा. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोचलेले पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर. एकाच्या आडनावात आपले कोरगाव, दुसऱ्याच्या आडनावात साक्षात पेडणे. फोंडा तालुक्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर याच पी. मधुकरांचे शिष्य. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गोव्याच्या पेटीचाच तो सन्मान झाला.

पण याच पेटीने अपमानही सोसला. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने तिला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. आरोप दोन होते. पेटीवर मींड निघत नाही, आणि तिचे स्वर आपल्या शुद्ध स्वरांशी जुळत नाहीत. दुसरा आरोप मोजून दाखवता येतो. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेल्या पेटीचा गंधार ४०० वर बसतो. हा चौदाचा फरक जाणत्या कानाला टोचतो. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. गोव्यात तेव्हा, १९६१ पर्यंत, पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे दिल्लीच्या हुकमाशी आपला संबंध नव्हता. आणि देवळातल्या सप्ताहाला तर कुठल्याच सरकारची परवानगी लागत नव्हती. रेडिओने दार लावले, तरी भजनाने पेटीला मांडीशी धरून ठेवले.

लक्षात घ्या, गंधाराचा हा दोष किमतीने जात नाही. दहा हजारांच्या पेटीत तो असतो, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या लाखाच्या पेटीतही असतो. तो काढायचा तर ठरावीक षड्ज धरून सूर मुद्दाम तसे जुळवून घ्यावे लागतात, किंवा ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी केलेल्या बावीस श्रुतींच्या पेटीसारखी वेगळीच रचना लागते. मग महाग पेटीत पैसे जातात कुठे?

ते जातात मुख्यतः तिच्या पोटात. पेटीचा आत्मा म्हणजे पितळी सूर. एकेका पट्टीवर एक जीभ रिव्हेटने बसवलेली असते. लांब आणि जड जीभ खालचा स्वर देते, आखूड जीभ वरचा. टोकाशी घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. जीभ आणि तिच्याखालची फट यांत अंतर जितके कमी आणि सारखे, तितका सूर थोड्या हवेत आणि चटकन बोलतो. एके काळी हे सूर जर्मनीहून आणि पॅरिसहून येत. त्यांचे पितळ आणि घासकाम यांची ख्याती अजून आहे. दोन महायुद्धांनी आणि पुढच्या आयातबंधनांनी ही आवक थांबत गेली. तेव्हा गुजरातेतल्या पालिताण्याच्या कारागिरांनी हाताने सूर घडवून देशभरच्या पेट्या बोलत्या ठेवल्या. आजच्या बहुतेक चांगल्या पेट्यांतही पालिताण्याचेच सूर असतात. म्हणजे 'परदेशी ते महाग आणि देशी ते हलके' असा सरळ हिशेब इथे लागत नाही. देशीतही हाताने निगुतीने घासलेले सूर वेगळे आणि घाऊक भरलेले वेगळे.

बाकीचा पैसा लाकडात, भात्यात आणि सोयींत जातो. मुरवलेले सागवान पावसाळ्यात कमी फुगते. स्वस्त पेटीचे कच्चे लाकूड आषाढात फुगून पट्ट्या अडकतात आणि मार्गशीर्षात सुकून हवा गळते. खर्ज आणि नर अशा दोन ओळी असलेली पेटी साधी, मादीची तिसरी ओळ घातली की आवाज भरतो, पण हवाही जास्त लागते. स्केलचेंजर असला तर पट्टी सरकवून काळी एकची सफेद दोन करता येते. बदलत्या गायकांना ही सोय मोठी, पण पेटी जड होते आणि बिघडायच्या जागा वाढतात. रात्रभरात दहा घरी भजन करणाऱ्या मंडळाला ती डोक्यावरून न्यायची असते, हे दुकानदार सांगत नाही.

नव्या पिढीच्या वाद्याकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. आज मोरजी-हरमलच्या बाजूला संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार ऐकू येते आणि आपली मुलेही ती मागतात. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' नावाची गिटार काढली. ती जगभर इतकी गाजली, की जपानी कारखाने तिच्या नकला करून स्वस्तात विकू लागले. १९६५ मध्ये कंपनीची मालकी बदलली आणि पुढे मूळ मालाचा दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार सुरू झाली. शेवटी १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानात 'स्क्वायर' या नावाने स्वस्त आवृत्ती बनवायला घेतली. गंमत म्हणजे त्या सुरुवातीच्या स्क्वायर इतक्या नेटक्या निघाल्या, की आज जाणकार त्या शोधून विकत घेतात. काल जी गरिबाची गिटार होती, ती आज संग्रहाची वस्तू झाली. आकार, रंग आणि नाव सारखे असले तरी फरक पडतो तो तारांच्या खालचे चुंबक, खुंट्या, लाकूड आणि बसवणाऱ्याचा हात यांत. पेटीचे अगदी तसेच.

या दोन्ही गोष्टींतून मला एकच निष्कर्ष निघतो असे वाटते. स्वस्त आवृत्ती वाद्याला वाड्यावाड्यावर नेते. महाग आवृत्ती सूर कसा असावा याचे माप जपते. स्वस्त पेटी नसती तर आपल्या गावागावांत भजनी मंडळे उभी राहिली नसती, आणि कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेला इतके संघ उतरले नसते. पण एकही चांगली पेटी कानावर पडली नाही, तर पुढच्या पिढीला बेसूर हाच सूर वाटू लागेल. म्हणून शिकणाऱ्या मुलाला साधी, हलकी, दोन ओळींची पेटी द्यावी, मात्र नीट जुळवून द्यावी. मंडळाला एक बऱ्यापैकी पेटी असावी. आणि घेताना पाटीवर कोरलेल्या नावापेक्षा कानावर भरवसा ठेवावा. भाता अगदी हळू दाबून एकेक पट्टी वाजवावी. सगळे सूर सारखे आणि लगेच बोलले तर पेटी चांगली. सगळ्या पट्ट्या सोडून भाता भरावा. तो आपोआप मिटत गेला तर कुठेतरी हवा गळते आहे.

याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. आपल्या भागातल्या जुन्या घरांत आणि देवळांच्या माळ्यांवर कितीतरी पेट्या फडक्यात गुंडाळून पडल्या आहेत. भाता उंदरांनी कुरतडलेला, पट्ट्या पिवळ्या, म्हणून त्या 'मेलेल्या' मानल्या जातात. फिरता खरेदीदार येतो, पाचशे-हजार हातावर ठेवतो आणि पेटी घेऊन जातो. पुष्कळदा त्याला पेटी नको असते, आतले जुने सूर हवे असतात. ते काढून नव्या खोक्यात बसवले की तीच पेटी शहरात भारी किमतीला विकली जाते. भाता हे चामडे-कागद-कापडाचे काम आहे, ते पुन्हा होते. सूर मात्र तसे पुन्हा घडत नाहीत. तेव्हा माळ्यावरची पेटी देण्याआधी एकदा जाणत्या दुरुस्तीवाल्याला उघडून दाखवा. नव्या पेटीच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी खर्चात ती कदाचित पुन्हा उभी राहील.

आणि ते दुरुस्त करणारे हात जपणे हेही आपलेच काम आहे. रिव्हेट सैल झाली हे कानाने ओळखणारा, कानशीने केसभर घासून स्वर जुळवणारा माणूस आता गावात सहज सापडत नाही. आपल्या मंडळांनी वर्षातून एकदा, चतुर्थीच्या महिनाभर आधी, चार गावांनी मिळून असा कारागीर बोलवावा, त्याला योग्य मोल द्यावे आणि दोन मुलांना त्याच्या बाजूला बसवावे. पेटी स्वस्त की महाग हा प्रश्न मग फारसा उरणार नाही. जी जुळलेली आहे आणि जी रोज वाजते, तीच गावची चांगली पेटी.

गणपती बाप्पा मोरया!