तुघलकाचे नाणे, निक्सनचा डॉलर आणि मेहर

मनमानी निर्णय झाला की आपण सहज ‘तुघलकी कारभार’ म्हणतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवण्याचा हुकूम दिला. दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. असा प्रयोग करणारा तो पहिलाच नव्हता. चीनमध्ये कागदी चलन चालत होते. त्याची नक्कल १२९४ मध्ये इराणच्या तबरीझ शहरात इल्खान गैखातूने केली. नोट नाकारणाऱ्याला मृत्युदंड होता, तरी बाजार ओस पडले आणि सुमारे दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या.

तुघलकाचेही तेच झाले. तांब्यावर ठसा कोणीही मारू शकत होता, म्हणून घरोघर खोटी नाणी तयार होऊ लागली. व्यापारी ती घेईनात. पुढची गोष्ट मात्र आपण वर्गात घाईने उरकतो. सुलतानाने ती नाणी परत मागवली आणि त्यांच्या बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी दिली. खोट्या नाण्यांवरसुद्धा! खजिन्याला मोठी खोट बसली, पण लोकांचे पैसे बुडाले नाहीत.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी नेमके उलटे केले. परदेशी सरकारांनी ३५ डॉलर दिले की एक औंस सोने द्यायचे, असे अमेरिकेचे वचन होते. छापलेले डॉलर सोन्यापेक्षा फार झाले, तेव्हा ते वचनच बंद केले. याला कोणी तुघलकी म्हणत नाही. नोटा छापण्यावर सोन्याचा उरलासुरला लगामही तेव्हापासून गेला.

आता आपल्या घरात या. १९७० च्या सुमारास भारतात १० ग्रॅम सोने १८५ रुपयांच्या आसपास होते. तेव्हा निकाहनाम्यात ५०० रुपये मेहर लिहिला असेल, तर ते दोन तोळ्यांहून जास्त सोने झाले. तो मेहर उधार राहिला आणि आज चुकता केला, तर त्या ५०० रुपयांत ग्रॅमचा दहावा हिस्साही येत नाही. कागदावर नवरा कर्जातून मोकळा झाला, बाईच्या हाती काय आले?

सोन्याचा भावही खाली येतो, हे खरे. १९८० नंतर जगाच्या बाजारात तो वीस वर्षे पडलेलाच होता. तरी जकातीचा निसाब आपण साडेसात तोळे सोने, साडेबावन्न तोळे चांदी असा वजनातच मोजतो. मेहर-ए-फातिमीचा हिशेबही चांदीच्या वजनाचा. मेहर सोन्यात ठरवायला शरियतची मनाई नाही. मग काझीसाहेब विचारतात तेव्हा मुलीकडचे रुपयांचा आकडा का सांगतात?