मिलान, १८८०: हात खाली!

आजची गोष्ट एका ठरावाची.

सप्टेंबर १८८०. इटलीतलं मिलान शहर. कर्णबधिर मुलांना शिकवावं कसं, यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४. त्यात स्वतः कर्णबधिर किती? एक, अमेरिकेचे जेम्स डेनिसन. मतदान झालं, १६० विरुद्ध ४. ठरलं असं, की शिक्षण तोंडी भाषेतूनच द्यायचं, खुणांतून नाही.

बरं, खुणांची भाषा काही नवखी नव्हती. पॅरिसमध्ये अब्बे द लेपे यांनी अठराव्या शतकातच तिच्यातून शिकवायला सुरुवात केली होती. त्या शाळेत शिकलेले लोराँ क्लेर्क स्वतः कर्णबधिर. १८१७ साली अमेरिकेत हार्टफर्डची शाळा उभी करणाऱ्यांत ते होते. म्हणजे कालचा विद्यार्थी आज शिक्षक होत होता. मिलाननंतर ही साखळी तुटली. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कित्येक शाळांत हात हलवला म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागली.

ठराव करणारे दुष्ट होते का? नाही. मूल बोललं तर समाजात मिसळेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण आरशासमोर उभं राहून आवाज न करता म्हणून बघा: पाप, बाप, माप. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात! ज्याला भाषा आधीच येते तो संदर्भावरून ओळखेल. ज्याला भाषाच शिकायची आहे, त्याने काय करायचं?

मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा निघाली ती याच दशकात. आपल्याकडेही पुढे बराच काळ भर बोलण्यावरच राहिला.

१९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं, की अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःची रचना आहे, ती पूर्ण भाषा आहे. आणि मिलानचे ठराव त्याच परिषदेने जाहीरपणे नाकारले कधी? २०१० साली, व्हँकुव्हरला. १३० वर्षांनी!

आज श्रवणयंत्रं आहेत, कॉक्लिअर इम्प्लांट आहे, वाचा-उपचार आहेत. ते हवेतच, आणि जितक्या लवकर तितकं बरं. पण आजही काही आईवडिलांना सांगितलं जातं, ‘खुणा करू नका, मूल आळशी होईल.’ मला विचाराल तर हा मिलानचाच उरलेला आवाज आहे. पहिली काही वर्षं भाषा मेंदूत रुजायची असतात. ती कानातून येते की डोळ्यांतून, हा प्रश्न नंतरचा. त्या वर्षांत ती आलीच नाही, तर पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

भेटू पुढच्या भागात.