रेंट-बॅक : विकलेल्या घरात भाडेकरू म्हणून राहणे

घराची मालकी खरेदीदाराच्या नावे गेल्यानंतरही विक्रेत्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याच घरात भाड्याने राहण्याची व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती नेहमीची आहे. मालकी बदलून पैसे हाती पडण्याच्या दिवसाला तिथे ‘क्लोजिंग’ म्हणतात आणि तिथल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यातही हाच शब्द आहे. एरवी क्लोजिंगलाच किल्ल्या दिल्या जातात. रेंट-बॅकमध्ये मालकी आज जाते, ताबा नंतर जातो.

या व्यवस्थेचे मूळ पैशाच्या क्रमात आहे. जुन्या घराचे कर्ज फेडून उरलेल्या रकमेतूनच बहुतेक कुटुंबे नव्या घराचे डाउन पेमेंट भरतात. ‘आधी आमचे घर विकू, मग तुमचे घेऊ’ अशी अट घातलेली ऑफर चढाओढीच्या बाजारात मागे पडते. म्हणून आधी विकायचे, रक्कम हाती घ्यायची आणि नवे घर मिळेपर्यंत जुन्यातच राहायचे. मुलांचे शाळेचे वर्ष संपायला काही आठवडे उरले असतील किंवा नव्या बांधकामाचा ताबा लांबला असेल, तर दोनदा सामान हलवण्याचा त्रासही वाचतो.

भाडे बहुधा दिवसावर ठरते. खरेदीदाराचा महिन्याचा हप्ता, मालमत्ता कर आणि विमा यांची बेरीज करून तिला तीसने भागण्याची पद्धत सर्रास आहे. ही बेरीज 4,500 डॉलर असेल, तर दिवसाचे भाडे 150 डॉलर. मात्र घरे कमी आणि गिऱ्हाइके जास्त असली की हा हिशेब बाजूला पडतो. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी व्याजदर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता. त्या काळात आपली ऑफर उठून दिसावी म्हणून अनेक खरेदीदार विक्रेत्याला काही आठवडे फुकट राहू देत. खरेदीदाराच्या कर्जाचे व्याज मात्र क्लोजिंगपासूनच सुरू होते. त्यामुळे फुकटचे हे दिवस म्हणजे वाढवून दिलेली किंमतच होय.

मुदतीला वरची मर्यादा घालते ती कर्ज देणारी संस्था. स्वतः राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या कर्जाच्या प्रमाणित दस्तात खरेदीदाराने 60 दिवसांत तिथे राहायला जावे, अशी अट असते. विक्रेता त्यापुढे राहिला तर खरेदीदाराने गुंतवणुकीचे घर राहते म्हणून दाखवल्यासारखे होते, आणि तशा घराला व्याज जास्त पडते. टेक्सासमध्ये राज्याच्या रिअल इस्टेट आयोगाचा खास छापील करार आहे. तो 90 दिवसांपर्यंतच वापरता येतो, पण कर्जाची अट त्याहून आखूड असेल तर तीच पाळावी लागते. कॅलिफोर्नियात एजंटांच्या संघटनेने दोन वेगळे नमुने ठेवले आहेत : 30 दिवसांहून कमी वास्तव्याला नुसता परवाना, त्याहून लांब वास्तव्याला भाडेकरार.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रेंट-बॅकमधली खरी भीती विक्रेता मुदतीत न निघण्याची असते. एकदा तो भाडेकरू ठरला की त्याला बाहेर काढायला न्यायालयातूनच जावे लागते. नव्या मालकाला कुलूप बदलता येत नाही. म्हणून जाणते एजंट डिपॉझिट तिऱ्हाइताकडे म्हणजे एस्क्रोत ठेवायला लावतात, मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला चढे भाडे लिहून घेतात आणि घर रिकामे झाल्यावर पुन्हा पाहणी करतात. दुरुस्तीचा प्रश्नही आधीच सोडवलेला बरा. टेक्सासच्या करारात एरवी काही ठरले नसेल तर तो भार राहणाऱ्या विक्रेत्यावर पडतो. विम्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मालकी गेली की विक्रेत्याच्या जुन्या पॉलिसीचा आधारच जातो, आणि खरेदीदाराची पॉलिसी विक्रेत्याच्या सामानाला लागू होत नाही. त्या आठवड्यांत पाइप फुटून फर्निचर भिजले तर भरपाई कोणाकडून मागणार? भाडेकरूचा वेगळा विमा घेणे आणि घरात कोण राहते आहे हे खरेदीदाराने आपल्या विमा कंपनीला कळवणे, एवढे केले तरी बहुतेक धोका टळतो.

आतापर्यंतचे वर्णन बरोबरीच्या दोन पक्षांचे झाले. विक्रेता कर्जात बुडालेला असला की याच व्यवस्थेचे रूप पालटते. इंग्लंडमध्ये ‘सेल अँड रेंट बॅक’ नावाने ते मोठ्या प्रमाणावर दिसले. हप्ते थकलेल्या कुटुंबांना कंपन्या सांगत : घर आम्हाला विका, कर्ज फेडा, भाडे देऊन आयुष्यभर इथेच राहा. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी असे आणि हातात पडणारा भाडेकरार अनेकदा सहा किंवा बारा महिन्यांचाच असे. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने 2008 च्या पाहणीत असे सुमारे 50,000 व्यवहार झाल्याचा अंदाज दिला. 2009 पासून वित्तीय नियामकाने यात हात घातला आणि 2010 मध्ये पूर्ण नियम लागू झाले : भाड्याची मुदत किमान पाच वर्षे, स्वतंत्र मूल्यांकन, विचार बदलायला 14 दिवस, दारोदार पत्रके टाकायला बंदी. 2012 च्या तपासणीत बहुतेक व्यवहार विक्रेत्याला न झेपणारे किंवा गैरसोयीचे आढळले आणि हा बाजार जवळजवळ बंदच झाला.

आधी फसलेल्यांना याचा उपयोग नव्हता. ‘नॉर्थ ईस्ट प्रॉपर्टी बायर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यांत खरेदीदारांनी घरांवर कर्जे काढली, विक्रेत्यांना दिलेले वचन कर्ज देणाऱ्यांपासून लपवले आणि पुढे हप्ते थकवले. कर्ज देणाऱ्यांनी ताबा मागितला. ऑक्टोबर 2014 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खरेदीदार स्वतः मालक होण्याआधी त्याने दिलेल्या वचनातून घरावर हक्क निर्माण होत नाही, आणि मालकी मिळणे व तारण देणे या एकाच क्षणाच्या गोष्टी आहेत. मधल्या फटीत विक्रेत्याचा हक्क बसायला जागाच नव्हती. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल तर्कशुद्ध आहे, पण आपल्याच घरातून निघावे लागलेल्या माणसांच्या बाजूने पाहिले तर तो कठोर आहे.

विकून त्याच जागेवर राहण्याचा हा प्रकार दख्खनच्या शेतकऱ्याला अनोळखी नव्हता. कर्जापोटी सावकाराला जमिनीचे खरेदीखत करून द्यायचे, पैसे फिटले की जमीन परत मिळेल या तोंडी भरवशावर तीच जमीन खंडाने कसायची, असे व्यवहार सर्वत्र होत. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना दस्तामागचा देण्याघेण्याचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील 1929 च्या दुरुस्तीने मात्र परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानता येणार नाही असे ठरवले.

आज महाराष्ट्रात फ्लॅट विकून काही महिने तिथेच राहायचे असेल, तर खरेदीखताबरोबर लीव्ह अँड लायसन्सचा करार करता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला कलम 24 खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.