मनगटावरचा समुद्र

कोल्हापूरच्या रंकाळ्यावरची भेळ, बिंदू चौकातले हॉर्न, सगळं मागं ठेवा. पंचगंगेच्या काठानं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर चढा, डोळे मिटा आणि अठराशेहून जास्त वर्षं मागं या.

आता उघडा. पायाखालचं टेकाड गायब आहे. भाजक्या विटांचं एक गजबजलेलं गाव उभं आहे. राज्य सातवाहनांचं. ऊन टाळूला चटकतंय, चुलींच्या धुरानं डोळे चुरचुरतात. तांबडा रस्सा मात्र शोधू नका, मिरची या मुलखात यायला अजून शेकडो वर्षं आहेत. कानावर पडते ती प्राकृत. अर्थ लागत नाही, पण सूर घरचाच वाटतो.

बाजूला व्हा! घाट चढून आलेले बैल धापा टाकत येतायत. गोणी धप्पकन खाली पडते, तोंड सुटतं आणि खारट, कुबट वास नाकात शिरतो. आत शंख आहेत. घ्या एक हातात. किती जड! वरची तपकिरी साल खरबरीत, नखानं खरवडली की खाली दुधासारखं पांढरं. मन्नारच्या आखातात किंवा सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, समुद्रतळाच्या वाळूत एक गोगलगाय किडे खात सरपटत होती. हे तिचं घर. पाणबुड्यानं श्वास कोंडून ते वर आणलं. कारागीर ते करवतीनं आडवं कापतो, पांढरा भुगा उडतो आणि एका शंखातून काही कडी निघतात. दगडावर पाणी टाकून घासली की झाली बांगडी.

समोर एक पोर बसली आहे. बांगडीवाला तिचा हात तेलानं चोळतो, अंगठा तळव्यात मुडपतो, बोटं आवळतो. ती ओठ चावते. सर्रकन बांगडी मनगटावर! तुमच्या आजीनं कासाराकडं असाच हात पुढं केला होता. आता तुम्ही एक बांगडी घ्या, आतून बोट फिरवा. बारीकसा उंचवटा लागला? तो शंखाचा पीळ. गोगलगायीनं आयुष्यभर रचलेलं वळण कारागिराला पुरतं पुसता आलेलं नाही. या पोरीनं समुद्र कदाचित कधीच बघितला नसेल, पण तो तिच्या मनगटावर आहे.

चला, परत फिरा. 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरी खणली, तेव्हा मातीतून शंखाच्या बांगड्या निघाल्या. याच टेकाडात रोमन जगातला समुद्रदेव पोसायडनही सापडला, वीतभरही नसलेली काशाची मूर्ती. टाऊन हॉल संग्रहालयात तिच्यासमोर जरा थांबा. कोल्हापूरला किनारा नाही, पण समुद्राशी आपली ओळख फार जुनी आहे.